दाराची पिन निघत नाही, तेव्हा घण खाली ठेवा

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांची जुनी पद्मिनी मोटार कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरी उभी आहे. २०१९च्या पुरात तिच्या सीटपर्यंत पाणी होतं. आता ती रंगवून पुन्हा रस्त्यावर आणायची तुम्ही मनावर घेतलंय. ड्रायव्हरच्या बाजूचं दार लटकतं, उचलून लावावं लागतं. वरच्या बिजागरीची पिन निघाली, खालची जागची हलत नाही. दोन दिवस हातोडीनं ठोकल्यावर तिचं टोक फुगलं. आता एकजण म्हणतो गॅसनं कापून टाका, दुसरा म्हणतो अख्खी बिजागरीच नवी वेल्ड करा.

यातलं काहीच आत्ता करू नका. चाळीस वर्षांची पिन गंजानं धरलेली असते हे खरं, पण गंजलेल्या दहापैकी आठ पिना सावकाश निघतात. निघत नाहीत त्या बहुतेक वेळा आपणच घाईनं ठोकून बिघडवलेल्या असतात. उद्यमनगरात डेंटिंगच्या, म्हणजे गाड्यांचा पत्रा सरळ करण्याच्या शेडमध्ये माझी तीस वर्षं गेली. तेवढ्यात कापायला लागलेल्या पिना मोजक्याच, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी उलट्या बाजूनं मारलेल्या होत्या.

सगळ्यात आधी एक काम आजच करा. वरची पिन काढून टाकल्यामुळं अख्खं दार खालच्या एकट्या पिनेवर आलंय. दार स्वतःच्या वजनानं बाहेर झुकतं, बिजागरीची दोन पानं एकमेकांना तिरकी होतात आणि मधली पिन कात्रीत सापडल्यासारखी आवळली जाते. अशा पिनेला तुम्ही जेवढं माराल तेवढी ती तिरकी होऊन जास्त धरेल. वरच्या बिजागरीच्या भोकात सैल बसेल असा साधा बोल्ट खालून-वरून वायसर घालून टाका. नट घट्ट करू नका. मग दाराखाली ट्रॉली जॅक, त्यावर लाकडी फळी, फळीवर जुनी गोधडी. जॅक हळूहळू उचला आणि दार त्याच्या खऱ्या जागी, लॉकची जीभ समोरच्या खाचेत अलगद शिरेल इतकं वर आणा. काच, आतला पत्रा, हँडल काढता येत असेल तर काढून दार हलकं करा. दार उघडताना अडवणारी पट्टी असते, तिची पिनही सोडवा. नाहीतर शेवटी दार सुटताना ती पट्टी खांबाचा, म्हणजे दार ज्यावर टांगलेलं असतं त्या उभ्या भागाचा पत्रा वाकवते.

मी कितीतरी वेळा बघितलंय, जॅक बरोबर लावला की कालपर्यंत दगड झालेली पिन निम्म्या जोरात हलते.

दार जॅकवर असतानाच एक तपासणी करून घ्या. दाराचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला बिजागरीकडे बघायला सांगा. पिन आणि कान (पानाच्या कडेचा, पिन ओवलेला गोल भाग) यांच्यामध्ये हालचाल दिसली तर पिनेची आणि बुशची (कानात बसवलेल्या धातूच्या नळीची) झीज. पण खांबाचाच पत्रा आत-बाहेर होत असेल, तर पुराच्या पाण्यानं खांब आतून कुजलाय. तिथं नवी पिन घालून काही होणार नाही, आधी खांबाचं पत्र्याचं काम. पुरातल्या गाडीत हे हमखास बघायचं, कारण खांबाच्या पोकळीत बसलेला गाळ महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो.

आणखी एक बघा. बिजागरी खांबाला आणि दाराला बोल्टनं लावलीय की वेल्डनं? बोल्टची असेल आणि बोल्ट सुटत असतील, तर पिनेशी गाडीवर झुंजायची गरजच नाही. पत्र्यावर बिजागरीच्या कडेनं अणकुचीदार सुईनं बारीक रेघ ओढून घ्या, म्हणजे परत बसवताना दाराची जागा चुकणार नाही. मग दारासकट बिजागरी उतरवा. बाकावरच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून पिन दाबून काढणं हे गाडीला वाकून मारण्यापेक्षा कितीतरी सोपं. इतक्या वर्षांत गाडी कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली असते, मधेच कुणीतरी बोल्टवर वेल्डचा टिपका मारलेला असतो, म्हणून ऐकीव गोष्टीवर न जाता तारेच्या ब्रशनं घासून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खाली जे सांगतोय ते बिजागरी गाडीवरच ठेवून पिन काढायची असेल त्यासाठी.

आता मुख्य प्रश्न: पिन कुठल्या बाजूनं मारायची?

बिजागरीची पिन म्हणजे नुसती गोल सळई नसते. तिच्या एका टोकाला डोकं असतं किंवा बारीक उभे दात पाडलेले असतात. ते दात एका पानाच्या कानात घट्ट रुतून बसतात, म्हणजे पिन त्या पानाबरोबर स्थिर राहावी. दुसऱ्या पानाच्या कानात बुश असतो आणि तो पिनेभोवती फिरतो. ज्या बाजूला दात किंवा डोकं आहे त्या बाजूनं पिन आत गेलेली असते आणि त्याच बाजूनं बाहेर यायला हवी. म्हणजे घाव उलट टोकावर पडला पाहिजे. दाताच्या टोकावर मारलंत तर तुम्ही पिन काढत नाही, आणखी ठासून बसवताय.

मी शिकाऊ असताना एका जीपच्या दारावर दुपारभर वरून मारत बसलो होतो. वरच्या टोकावर रंगाचे चार-पाच थर होते, त्याखाली दात आहेत हे मी बघितलंच नाही. संध्याकाळी कान तडकला. मेस्त्रींनी काही न बोलता ब्रश घेतला, वरचं टोक घासलं आणि मला दात दाखवले. मग खालून पंच (पिन ढकलायची पोलादी दांडी) लावून त्यांनी चार घावांत पिन वर काढली. तडकलेला कान भरायला मात्र पुढचे दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांची मजुरी मेस्त्रींना मागता आली नाही. ते मला अजून बोचतं. त्या दिवसापासून दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत घासल्याशिवाय मी हातोडीला हात लावत नाही.

तुमच्याकडं तर वरची पिन हातात आहे. ती नीट बघा. दात कुठल्या टोकाला आहेत, किती लांबीत आहेत, पिनेची जाडी किती, झीज कुठल्या भागात झालीय. झीज जिथं दिसते तिथं बुश फिरत होता. यावरून खालच्या पिनेची बांधणी कळेल. पण दिशा मात्र यावरून ठरवू नका. बऱ्याच गाड्यांत वरची पिन एका दिशेनं आणि खालची उलट्या दिशेनं घातलेली असते. दिशा खालच्या पिनेची टोकं घासूनच ठरवायची. क्वचित दात पिनेच्या मधोमध असतात आणि दोन्ही टोकं सारखी दिसतात. तेव्हा जिकडं पंच आणि हातोडी फिरायला जागा जास्त, तिकडून मारायचं.

दिशा ठरली की फुगलेलं टोक दुरुस्त करा. ठोकून ठोकून पिनेचं टोक भुईछत्रासारखं पसरलेलं असतं आणि ते भोकापेक्षा मोठं झालेलं असतं. ते टोक भोकातून मागं जाणं शक्यच नाही. बारीक कानस घ्या आणि टोकाची कड सगळीकडून उतरवत मूळ जाडीपेक्षा किंचित बारीक करा. ग्राइंडर लावायचा मोह होईल, पण तिथं जागा कमी असते आणि चाक कानाला लागलं की कान पातळ होतो. कानसच बरी. वेळ लागतो, लागू दे.

मग तेल. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. पिन आणि कान यांच्यातली केसाएवढी फट त्या गंजानं पाचर मारल्यासारखी भरून जाते. त्यात पुराचा बारीक गाळ मिसळला की तो वाळून सिमेंटसारखा होतो. तेलाला त्या फटीतून आत जायला एक रात्र पुरत नाही. मी तीन ते चार दिवस देतो.

बाजारातलं गंज सोडवणारं स्प्रे चालतं. डब्ल्यूडी-४० घरात असेल तर सुरुवातीला तेच मारा, गाळ धुऊन निघायला ते चांगलं. मी स्वतः ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं करून वापरतो. हे दोन्ही एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. अॅसिटोन पातळ असल्यानं तेलाला आत ओढून नेतं आणि उडून जातं. मात्र ते रंग खातं, झटकन पेट घेतं आणि बंद खोलीत डोकं धरतं. उघड्यावर काम करा आणि शेजारी विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको. रॉकेल किंवा डिझेलही काम करतं, पण सावकाश.

तेल वरच्या टोकावर ओतलं की वाहून खाली जातं, फटीत मुरायला थांबत नाही. त्यासाठी घरातली घट्ट मळलेली कणीक घ्या. पिनेच्या वरच्या टोकाभोवती कणकेचा बोटभर उंचीचा गोल बांध करा आणि त्यात तेलाचं तळं भरून ठेवा. सकाळ-संध्याकाळ तळं भरायचं आणि प्रत्येक वेळी कानावर, पिनेवर नव्हे, छोट्या हातोडीनं दहा-वीस हलके ठोके द्यायचे. त्या थरथरीनं गंजाच्या थराला भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. दार जॅकवर आहे तेवढ्यात ते दोन-चार अंश उघडझाप होत असेल तर करा. पिन ज्या पानात फिरते तिथं तेल पसरेल. कोपऱ्यातून तांबूस-काळा चिखल बाहेर यायला लागला की समजायचं, तेल पार पोचलं.

आता काढायची वेळ. इथं माझा कल घावापेक्षा दाबाकडं आहे. हातोडीचा घाव क्षणभराचा असतो, त्यातली निम्मी ताकद खांबाचा पत्रा हलवण्यात जाते. दाब मात्र सतत राहतो. उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तुम्हाला हवं ते करून मिळेल. २५ मिलिमीटर जाड पत्र्याचा इंग्रजी सी आकाराचा तुकडा कापून घ्या, त्याचा मागचा कणा निदान ६० मिलिमीटर रुंद असू दे. एका जबड्यात १६ मिलिमीटरच्या हाय टेन्साइल बोल्टसाठी आटे पाडायचे. समोरच्या जबड्यात पिन बाहेर येऊन मावेल एवढं भोक. बोल्टच्या टोकापुढं पाणी दिलेल्या (तापवून, विझवून कडक केलेल्या) पोलादाची छोटी पिन ठेवायची, जुन्या पिनेपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक.

याची ताकद किती? अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर तुम्ही २० किलो जोर लावलात, तर १६ मिलिमीटरच्या बोल्टमधून ढोबळमानानं ३ टन दाब पिनेवर जातो. आट्यांना ग्रीस लावलं तर आणखी थोडा. हातोडीनं एवढा दाब सरळ रेषेत आणि टिकवून देणं कुणालाही जमत नाही. साधा बाजारातला बारीक सी-क्लॅम्प या कामाला लावू नका, त्याचा जबडा उघडतो किंवा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल तर तुटतो.

ही झाली आपली प्रेस. लावताना ती पिनेच्या अगदी सरळ रेषेत हवी. एका बाजूनं डोळा लावून बघा, मग नव्वद अंशात फिरून दुसऱ्या बाजूनं बघा. बोल्ट आवळत जा. जोर लागायला लागला की थांबा आणि तसाच ताण ठेवून तेलाचं तळं पुन्हा भरा. जेवून या. परत येऊन पाव आटा आवळा. तरीही हलली नाही तर ताण तसाच ठेवून कानाच्या बाजूवर, आडवा, मध्यम हातोडीचा एक खणखणीत ठोका द्या. पुष्कळदा त्या क्षणी टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पिन सुटली. पुढं ती कुरकुरत, पण येतेच.

ताणाखाली असलेल्या प्रेससमोर उभं राहायचं नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. पिन किंवा मधला पोलादी तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो, म्हणून प्रेसवर जाड फडकं टाकून ठेवा. लहान मुलं गाडीभोवती असतील तर त्यांना आधी घरात पाठवा.

दाबानं नाही झालं, तर उष्णता. आणि इथं लोक सगळ्यात जास्त चूक करतात: टॉर्च, म्हणजे गॅसची ज्योत, पिनेवर धरतात. पिन तापली की ती फुगते आणि जास्त घट्ट होते. तापवायचा तो भोवतीचा कान. हिशोब सांगतो. पोलाद दर अंशाला दर मिलिमीटरमागं सुमारे ०.००००१२ मिलिमीटर वाढतं. १० मिलिमीटरच्या भोकाचा कान पिनेपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला, तर भोक ०.०२४ मिलिमीटरनं मोठं होतं. म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा चौथा हिस्सा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दात रुतून बसलेल्या पिनेला तेवढं पुरतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाढताना गंजाचा थर तुटतो. हा फरक टिकतो मात्र थोडाच वेळ, कारण उष्णता पिनेतही उतरतेच. म्हणून कान झपाट्यानं तापवायचा, दोन-तीन मिनिटं रेंगाळत नाही. प्रेस आधीच ताणून ठेवलेली हवी. कान तापला की लगेच आवळा.

किती तापवायचा? घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग दिसतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. निळा दिसला म्हणजे साधारण ३०० अंश. त्यापुढं जायची गरज नाही. लाल करू नका. लाल केलेला कान मऊ पडतो आणि प्रेसच्या दाबानं वाकतो. आणि बिजागरी बिडाची असेल तर तापवून वरून पाणी ओतण्याचा विचारही नको, ती तडकणारच. कोल्हापूरकरांना बीड ओळखायला शिकवायची गरज नाही, निम्म्या शहराचा कुणी ना कुणी फाउंड्रीत आहे. तरी सांगतो: कानस मारून बघा, काळपट भुकटी पडली तर बीड, चमकदार किस पडला तर पोलाद.

एक युक्ती मेणबत्तीची. कान तापवून टॉर्च बाजूला ठेवला की पिनेच्या टोकाशी साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि तिथं वंगणाचं काम करतं. तेलाच्या मानानं ते कमी धुरकट. तापवून मेण, थंड होऊ देणं, पुन्हा तापवणं, पुन्हा मेण, असे तीन फेरे केले की बहुतेक पिना हार मानतात.

आगीचं मात्र मनापासून सांगतो. अॅसिटोन मारलेल्या दिवशी टॉर्च पेटवायचा नाही. आधी सगळं पुसून, एक दिवस वारा लागू दे. पुढच्या खांबाच्या आतून वायरिंग जातं, म्हणून आतला पुठ्ठा काढून वायरी बाजूला बांधा आणि बॅटरीची केबल काढा. खांबाच्या पोकळीत डांबरी लेप असेल तर तो आतल्या आत धुमसत राहतो आणि अर्ध्या तासानं पेटतो. काम संपल्यावर निदान तासभर गाडी सोडून जाऊ नका. वाळूची बादली आणि ओलं पोतं हाताशी. ब्रेक साफ करायच्या काही स्प्रेत क्लोरीन असलेलं द्रावण असतं. ते तापलेल्या लोखंडावर पडलं तर विषारी वायू तयार होतो, म्हणून तो डबा त्या दिवशी शेडमध्येच नको.

काहीजण अजून हातोडीच पसंत करतात, आणि प्रेस करून घेणं प्रत्येकाला जमेल असं नाही. तर मारायचंच असेल तर नीट मारा. लहान हातोडीचे शंभर ठोके टोक फुगवतात. दीड-दोन किलोच्या हातोडीचे मोजके, भरीव घाव पिन हलवतात. पंच आखूड आणि जाड हवा, पिनेपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक, टोक सपाट. लांब पंच वाकतो आणि घाव वाटेत खातो. पिन दोन सेंटिमीटर सरकली की मग लांब पंच घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्या बाजूला, ज्या पानात दात रुतलेत त्या कानाला टेकवून दुसऱ्या माणसानं चार-पाच किलोचा घण किंवा लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा. पिनेच्या तोंडाशी नाही, कानाशी, म्हणजे पिनेला वाट मोकळी. हा ठोकळा नसेल तर तुमचा प्रत्येक घाव खांबाच्या पत्र्यात जातो आणि नंतर दार बंद करताना फट जुळत नाही. ज्यांच्याकडं कॉम्प्रेसर आणि हवेची छन्नी आहे, त्यांनी तिला बोथट टोक लावून वापरावं. तिची सतत थरथर गंजाला फार लवकर फोडते.

एवढं करूनही पिन जागेवरच राहिली, तर कापणं आलं. गॅसनं नाही. बिजागरीच्या दोन पानांच्या कानांमध्ये बारीक फट असते. तिच्यातून हॅकसॉचं नुसतं पान, एका टोकाला कापड गुंडाळून, हातानं चालवा. पिन दोन्ही फटींत कापली की दार मोकळं होतं. दार उतरवताना दोन माणसं हवीत. उरले कानातले तुकडे. ते ड्रिल करायचे, पण मधोमध. पंच मारताना केंद्र चुकलं तर ड्रिल मऊ कानाकडं पळतं, कारण पिन कानापेक्षा कडक असते. टर्नरकडून एक छोटी मार्गदर्शक नळी करून घ्या, बाहेरून कानाच्या गोलाईवर बसणारी, आतून ३ मिलिमीटर भोकाची. तिच्यातून पहिलं भोक पाडा. मग ५, मग ७, सावकाश, तेल घालत. कोबाल्टची बिटं घ्या, साधी बिटं पाणी दिलेल्या पिनेवर जळतात. पिनेची नुसती पातळ भिंत उरली की ती छन्नीनं आत दुमडून काढता येते. तुकड्याला बाहेर डोकं उरलं असेल तर त्यावर नट वेल्ड करा. वेल्डची उष्णता आणि मग पान्याची हलकी उलटसुलट हालचाल, दोन्ही मिळून तो सुटतो. इथं थोडी पिन तापते खरी, पण वेल्ड थंड होताना ती आक्रसते आणि पकड सैल होते.

पिन निघाली की तीच जुनी घासून परत घालायची नाही. नवी करायची. ईएन-८ या जातीच्या पोलादाची सळई घ्या, घासून मापात केलेली. दात पाडायला टर्नरला जुनी पिन नमुना म्हणून द्या. भोक लंबगोल झालं असेल, आणि लटकणाऱ्या दारात ते होतंच, तर ड्रिल लावू नका. ड्रिल जुन्या वाकड्या भोकाच्याच मागं जातं. दोन्ही पानं एकत्र जुळवून त्यांतून एकाच वेळी रीमर (भोक नेमक्या मापात मोठं करायचं हत्यार) चालवा, म्हणजे सगळी भोकं एका रेषेत येतात, आणि मग त्या मापाची थोडी जाड पिन. बुश जिथं बसतो तिथं फॉस्फर ब्राँझ किंवा गनमेटलचा नवा बुश, कानात दाबून बसणारा. पिन आणि बुश यांच्यात ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवा. कमी ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात कुरकुर, जास्त ठेवली तर दोन वर्षांत दार पुन्हा लटकतं. पिनेवर बारीक सर्पिल खाच कोरून घेतलीत तर तेल आत पसरायला वाट राहते. हे काम उद्यमनगरात पंधरा मिनिटांचं आहे, टर्नर त्याचे फारसे पैसेही घेत नाही, पण खाच सांगितल्याशिवाय कुणी पाडत नाही.

बसवताना कान कोमट करा, पिन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पिन सरळ असेल तर हातोडीच्या चार-पाच सौम्य ठोक्यांत बसते. दातांच्या भागाला काही लावू नका. फिरणाऱ्या भागाला ग्राफाइट ग्रीस. आधी खालची, मग वरची, दार सगळा वेळ जॅकवर. वरची बसल्यावरच जॅक थोडा खाली घ्या आणि दार दोन-चार वेळा लावून बघा. फट वरून खालपर्यंत सारखी दिसली तर ठीक. रंगायच्या आधी हे करा, कारण नंतर दार थोडं हलवायचं म्हटलं की नव्या रंगाला चरे पडतात.

बिजागरीला तेल वर्षातून दोनदा. मी मृग निघायच्या आधी एकदा आणि दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालताना एकदा, कानाच्या वरच्या टोकावर इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडतो आणि दार दहा वेळा उघडझाप करतो. गगनबावड्याकडं जाणारी गाडी असेल तर पावसाळ्यात मधे आणखी एकदा.

टर्नरकडं जाताना नुसती वरची पिन नेऊ नका. खालच्या भोकाचं माप व्हर्निअरनं दोन दिशांनी घ्या, एक उभं, एक आडवं, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून द्या. दोन्हीत फरक किती आहे ते बघून तो तुम्हाला लगेच सांगेल, नवा बुश पुरेल की रीमर लावून जाड पिन करावी लागेल.